रासायनिक अभिक्रियेतील वस्तुमानांची गणना
संतुलित रासायनिक समीकरणावरून अभिक्रियाकारके व उत्पादिते यांची वस्तुमाने काढण्याच्या पद्धतीस स्टॉइकिओमेट्री म्हणतात. ही संज्ञा जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास रिश्टर यांनी १७९२ मध्ये योजली. द्रव्य अक्षय्यतेचा नियम हा या गणनेचा पाया आहे.

== पद्धत ==
समीकरणातील सहगुणक मोलचे प्रमाण दर्शवतात, वस्तुमानाचे नव्हे. म्हणून दिलेल्या वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागून मोलसंख्या काढतात, सहगुणकांच्या गुणोत्तरावरून इष्ट पदार्थाचे मोल ठरवतात व त्यांना त्या पदार्थाच्या मोलर वस्तुमानाने गुणतात.

== उदाहरण ==
चुनखडी भाजल्यास पुढील अभिक्रिया होते :

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

या पदार्थांची मोलर वस्तुमाने अनुक्रमे सुमारे १००, ५६ व ४४ ग्रॅम आहेत. त्यामुळे १,००० किग्रॅ शुद्ध चुनखडीचे पूर्ण विघटन झाल्यास ५६० किग्रॅ कळीचा चुना मिळतो आणि ४४० किग्रॅ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू इंधनातून नव्हे, तर दगडातूनच निघतो. भट्टीचे इंधन बदलले तरी त्याचे प्रमाण घटत नाही. सिमेंटनिर्मितीतही चुनखडीचे असेच विघटन होत असल्याने तेथील उत्सर्जनाचा अंदाज याच गणनेने बांधता येतो.