अभ्यासाची बैठक आणि आपले बडोदे

विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयींविषयी बोलताना पहाटे उठणे, वेळापत्रक आखणे आणि टिपणे काढणे एवढ्यावरच आपण थांबतो. आम्हांला अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन आठवते. कारण त्याचा एक धागा आपल्या बडोद्याशी जुळलेला आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही अभ्यासले. वाचलेल्यावर लिहावे व लिहिलेले जाणकारांपुढे मांडावे, ही त्यांची रीत दिसते. जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी १९१६ साली तेथील चर्चासत्रातच वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

करारानुसार दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते बडोद्यास आले. परंतु या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून आश्रय घेतला. तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठी बागेत काही तास काढले. तीच आजची सयाजीबाग.

अभ्यास खंडित झाला, पण बैठक मोडली नाही. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी जात, ते दार बंद होईपर्यंत बसत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या सूचनेनुसार त्यांनी पुन्हा लिहिला व १९२३ साली डी.एस्‌सी. मिळवली.

यातून दोन गोष्टी आम्हांला उमगतात. चिकाटीने वाचणे, लिहिणे आणि टीका पचवून पुन्हा लिहिणे हे विद्यार्थ्याचे काम; परंतु बसावयास जागा देणे हे समाजाचे काम. महाराजांनी आपला वाटा उचलला, शहराने उचलला नाही. आणि त्या शहरात आपली मराठी घराणीही होतीच.

आज विद्यापीठासाठी परगावची मुले येथे येतात. आपल्या कित्येक घरांत मुले दूरदेशी गेल्याने खोल्या रिकाम्या आहेत. तरीही खोली देण्यापूर्वी आडनाव विचारून जातीचा अंदाज घेण्याची खोड आपल्यातून पुरती गेलेली नाही. मुलांना सवयी सांगण्याआधी आपण आपली ही एक सवय सोडावी.