दगडखाणकाम व बांधकाम सुरक्षा कायदे : नांदेड-लातूर

दगडखाण, खडी केंद्र व बांधकाम यांतील कामगारांच्या संरक्षणार्थ झालेले, एकमेकांच्या सीमेला भिडणारे कायदे. लातूर जिल्हा मुख्यतः काळ्या पाषाणाचा (बेसाल्ट) असून नांदेडच्या पूर्वेस देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळतात. ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिकेमुळे फुप्फुसांचा सिलिकोसिस हा रोग संभवतो.

कायद्यांतील गुंतागुंतीचे मूळ राज्यघटनेत आहे. खाणींतील सुरक्षा संघसूचीत, तर कामगार कल्याण समवर्ती सूचीत येते. १९५७ च्या खनिज अधिनियमाने गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला. त्यामुळे एकाच खाणीचा उत्खनन परवाना महसूल यंत्रणेकडे, तर सुरक्षेची तपासणी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे गेली.

खाण अधिनियम, १९५२ मधून लहान खाणींना बहुतांशी सूट होती. बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू इत्यादींच्या उघड्या खाणीची खोली कोठेही ६ मी. हून अधिक नसावी, एका दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर नसावीत व स्फोटके वापरू नयेत, अशा तीन अटी होत्या. त्यांपैकी एकही मोडल्यास संपूर्ण अधिनियम लागू होई. कठीण पाषाण सुरुंगाविना मोठ्या प्रमाणात निघत नसल्याने दहा माणसांची उथळ खाणही त्याच्या कक्षेत येई. खाणीच्या आवाराबाहेरील, विजेवर चालणारे व दहा कामगारांचे खडी केंद्र मात्र कारखाने अधिनियम, १९४८ खाली मोडे.

बांधकामाचा स्वतंत्र कायदा उशिरा आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दगड व मजूर यांची गरज एवढी वाढली, तेव्हा बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा केंद्रीय अधिनियम अस्तित्वात नव्हता. तो १९९६ मध्ये झाला व महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. खाण व कारखाने अधिनियम लागू असलेली कामे त्यातून वगळली होती. परिणामी, तोच मजूर खाणीतून खडी केंद्रावर व तेथून इमारतीवर गेला, की त्याचा कायदा व तपासणी अधिकारी दोन्ही बदलत. धूळ व पडझडीचा धोका मात्र सोबत राही.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने हे तिन्ही धरून १३ अधिनियम एकत्र आणले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तथापि खाणींसाठी केंद्र व बहुतेक खाजगी बांधकामांसाठी राज्य ही अधिकारविभागणी संहितेतही कायम आहे.