महाराष्ट्रातील पुरातत्त्वीय क्षेत्रप्रशिक्षण

पुरातत्त्वीय क्षेत्रप्रशिक्षण म्हणजे प्राचीन वा मध्ययुगीन स्थळावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून उत्खननाचे शास्त्र शिकणे होय. एकदा खणलेला थर पुन्हा पूर्ववत रचता येत नाही, म्हणून उत्खनन करणाऱ्याचे हात व डोळे आधी तयार व्हावे लागतात. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण मुख्यतः विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून मिळते.

इतिहास

महाराष्ट्रातील या परंपरेचे प्रवर्तक म्हणून हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) यांचे नाव घेतले जाते. लंडनमध्ये पीएच.डी.चे संशोधन करीत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात भाग घेऊन क्षेत्रकार्याचे धडे घेतले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते तेथे अध्यापक म्हणून रुजू झाले. १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले व त्याच वर्षी त्यांनी तक्षशिला येथे प्रशिक्षणवर्ग भरविला. थरांनुसार खणण्याची शिस्त त्यानंतर भारतात सर्वत्र रूढ झाली.

डेक्कन कॉलेजने कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक, जोर्वे, नेवासे अशा स्थळी उत्खनने केली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथील काम १९६८ ते १९८३ या काळात चालले. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची सव्वाशेहून अधिक घरे उजेडात आली. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून केलेली बालकांची दफनेही सापडली. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अशा छावण्यांत घडल्या. विदर्भात नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने पौनार, भंडारा जिल्ह्यातील पवनी इत्यादी ठिकाणी उत्खनने केली. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले.

प्रशिक्षणाचे स्वरूप

उत्खननाचा हंगाम साधारणपणे पावसाळा संपल्यावर सुरू होऊन कडक उन्हाळ्यापूर्वी आटोपतो. प्रथम टेकाडाचे सर्वेक्षण करून खुंट्या व दोरीच्या साहाय्याने चौकोन आखतात. दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची भिंत राखून ठेवतात. तिच्या उभ्या छेदावर मातीचे थर स्पष्ट दिसतात. मातीचा रंग, पोत व घट्टपणा पाहून एक थर संपून दुसरा केव्हा सुरू होतो हे ओळखणे, हा प्रशिक्षणाचा गाभा होय.

खापरे धुऊन, वाळवून, त्यांवर स्थळाचे नाव, चर व थराचा क्रमांक घालणे, माती चाळून मणी, हाडे व जळलेले धान्य वेगळे करणे, छेदाचे मोजमापासह रेखाटन, छायाचित्रण आणि रोजची नोंदवही ही कामे विद्यार्थ्यांकडे असतात. कोणत्या थरातून आली हे ठाऊक नसलेली वस्तू कितीही सुंदर असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल फार उणावते.

प्रवेश

डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठ इत्यादी ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा समावेश असतो. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने नोकरदार व हौशी अभ्यासकांसाठीही पुरातत्त्वाचे वर्ग चालविले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याची संस्था ग्रेटर नोएडा येथे आहे.

स्पेनमध्ये निराळी पद्धतही आढळते. मिनोर्का बेटावरील सानिसेरा या रोमन नगराच्या स्थळी परदेशी विद्यार्थी शुल्क भरून प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होतात. तेथे उत्खननाची परवानगी स्वायत्त प्रदेशांची शासने देतात.

कायदेशीर बाजू

भारतात उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना आवश्यक असतो. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ हा या संदर्भातील प्रमुख कायदा होय. जमिनीत गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाणी, मूर्ती इत्यादी पुरावस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे.

बुलढाणा जिल्हा

मोताळा, मलकापूर, नांदुरा या तालुक्यांचा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. नदीकाठच्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांना गावकरी 'पांढर' किंवा 'पांढरी' म्हणतात. अनेक पिढ्यांच्या घरांची माती व राख साचून ही टेकाडे बनलेली असतात. धाब्याच्या घरांसाठी व शेतासाठी तेथील माती नेण्याची जुनी रीत असल्याने अशी अनेक स्थळे झिजत गेली आहेत.

संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. पूर्णाकाठच्या या प्राचीन वसाहतीत विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी आढळल्या. हे स्थळ जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. पाणी शेतीला हवे आहे आणि स्थळ दुसरीकडे हलविता येत नाही. अशा वेळी काळजीपूर्वक केलेली नोंद हाच त्या वसाहतीचा टिकणारा पुरावा ठरतो.

२०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम सुरू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. खोदकामावर प्रशिक्षित माणसे असल्यामुळे ती जागेवरच नोंदवून सुरक्षितपणे बाहेर काढता आली.

स्थानिकांचा सहभाग

परवान्याविना खणणे हा गुन्हा असला, तरी स्थळ ओळखणे व जपणे यांस मज्जाव नाही. नांगरटीत वा विहीर खोदताना खापरे, विटा, नाणी वा मूर्ती आढळल्यास ती जागेवरून न हलविता तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळविणे योग्य ठरते. शेताचे नाव, सर्व्हे क्रमांक, सापडल्याची खोली व तारीख एवढी नोंद असली तरी ती पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडते.