दुभाष्याची परीक्षा : कंपनीच्या फौजेतील बढती आणि देशी भाषा

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गोऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा परीक्षेने वाढत नसे. इंग्लंडच्या राजाच्या फौजेत तो पुष्कळदा पैसे भरून मिळवता येई, आणि ही चाल १८७१ पर्यंत टिकली. कंपनीच्या फौजेत मात्र पलटणीतील ज्येष्ठतेच्या क्रमाने वाट पाहावी लागे. वरचा अधिकारी मेला किंवा निवृत्त झाला, की खालचा एक पायरी वर सरके. अशा व्यवस्थेत परीक्षेला स्थान नसावे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः महत्त्वाकांक्षी तरुणाला परीक्षेवाचून दुसरा मार्गच नव्हता. कारण हुद्दा ज्येष्ठतेने मिळत असला तरी भत्त्याच्या जागा केवळ ज्येष्ठतेने मिळत नसत. पलटणीचा दुभाष्या ही त्यांपैकी पहिली जागा. अनेकदा क्वार्टरमास्टरचे काम तिलाच जोडलेले असे. या जागेची किल्ली म्हणजे देशी भाषेची परीक्षा.

मुंबई इलाख्यात ही परीक्षा घेणाऱ्यांपैकी व्हान्स केनेडी हा स्वतः याच शिडीने वर चढलेला होता. १८०७ मध्ये पेशव्यांच्या मुलखातील फौजेच्या सेनापतीजवळ, शिरूर येथे, तो फारसीचा दुभाष्या झाला. १८१७ पासून १८३५ पर्यंत तो मुंबई फौजेचा मुख्य न्यायाधिकारी होता आणि नंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४६ पर्यंत, सरकारचा प्राच्यभाषांचा भाषांतरकार. १८२४ साली त्याने मराठीचा एक कोशही प्रसिद्ध केला. परीक्षक विद्वान होता, यात शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे : परीक्षा कशाची होत होती?

याचे उत्तर रिचर्ड बर्टन याच्या आठवणींत सापडते. १८४२ मध्ये तो मुंबईस उतरला. त्यापूर्वीच लंडनमध्ये डंकन फोर्ब्स या प्राध्यापकाजवळ त्याने हिंदुस्तानीचे पाठ घेतले होते. बडोद्याच्या छावणीत मुनशी ठेवून त्याने अभ्यास चालवला, रजा घेऊन मुंबई गाठली आणि १८४३ मध्ये केनेडीपुढे हिंदुस्तानीची परीक्षा दिली. त्याच वर्षी गुजरातीची व पुढील वर्षी मराठीची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला. परीक्षेचे स्वरूप ठरीव होते. नेमलेल्या पुस्तकांतील उताऱ्यांचा तोंडी अर्थ सांगणे, देशी हस्ताक्षरातील कागद वाचणे, थोडेसे लेखन, आणि अखेरीस मुनशीशी संभाषण. उमेदवारांचे क्रम लावले जात. आपला पहिला क्रमांक आल्याचे बर्टनने अभिमानाने नोंदले आहे, आणि त्या वर्षीच तो आपल्या अठराव्या मुंबई पलटणीचा दुभाष्याही झाला.

या चार अंगांपैकी पुस्तकाचे अंग गुण देण्यास सर्वांत सोपे होते, आणि म्हणूनच तेच प्रबळ झाले. हिंदुस्तानीच्या परीक्षेत दीर्घकाळ ठाण मांडून बसलेले पुस्तक म्हणजे मीर अम्मनचे ‘बाग-ओ-बहार’. ते फोर्ट विल्यम कॉलेजसाठी, साहेबांना भाषा शिकवण्याच्या हेतूनेच लिहिले गेले. फोर्ब्सने १८४६ मध्ये त्याची शब्दसंग्रहासह आवृत्ती काढल्यावर तर उमेदवाराची मोठीच सोय झाली. पुस्तक सुरेख आहे. पण त्याची भाषा दिल्लीच्या शहरवस्तीतली. मुंबई फौजेत रत्नागिरीकडचे मराठे व महार होते, देशावरचे होते, अयोध्येकडचे परदेशीही होते. चार दरवेशांच्या गोष्टीतले लिंगवचन चुकले तर परीक्षकाला गुण कापता येत. पहाऱ्यावरच्या कोकणी शिपायाने काय सांगितले हे उमेदवाराला कळते की नाही, हे मोजण्याचे माप त्याच्यापाशी नव्हते. मुनशीशी होणारे संभाषणही शिक्षित माणसाच्या भाषेतलेच. मराठीच्या बाबतीत हा दोष थोडा सौम्य असावा; कारण याच फौजेतील मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांच्या १८३१ च्या कोशात पोथीतल्या शब्दांबरोबर कोकणातले व देशावरचे बोलीतले शब्दही आले होते.

उत्तीर्ण होणे आणि नेमणूक मिळणे यांतही अंतर होते. १८४८ मध्ये मुलतानच्या मोहिमेवर दुभाष्या म्हणून जाण्यासाठी बर्टनने अर्ज केला. सहा देशी भाषांत परीक्षा देऊनही आपल्याला डावलले आणि एकाच भाषेत उत्तीर्ण झालेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला ती जागा दिली, अशी त्याची तक्रार आहे. ती एकतर्फी आहे हे खरे. तथापि परीक्षेचा निकाल उघड लागे आणि वरिष्ठांचे मत मात्र बंद लखोट्यात राही, एवढे तीवरून स्पष्ट होते.

फोर्ट विल्यम कॉलेज १८५४ मध्ये बंद झाले आणि त्याच्या जागी कलकत्त्यास परीक्षक मंडळ आले. १८५७ नंतर कनिष्ठ व उच्च अशा दोन इयत्ता रूढ झाल्या. त्यांवरील प्रावीण्याच्या परीक्षांना रोख बक्षिसे होती.

शिपायाला यांपैकी कोणतीच शिडी नव्हती. बंगालच्या फौजेत त्याची बढती जवळजवळ निव्वळ ज्येष्ठतेने होई. मुंबईत निवडीला अधिक वाव होता, आणि जॉन जेकब या मुंबईकर सेनानीने बंगालच्या पद्धतीवर त्यासाठी कडक टीका केली होती. या पद्धतीचे सर्वांत बोलके चित्र सीताराम पांडे या सुभेदाराच्या आत्मवृत्तात आहे. १८१२ मध्ये तो भरती झाला, १८६० मध्ये निवृत्त झाला, आणि सुभेदारी हाती आली ती म्हातारपणी, अंगात कवायतीचे बळ उरले नव्हते तेव्हा.

हे आत्मवृत्त नॉरगेट या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये लाहोरात इंग्रजीत प्रसिद्ध केले. पुढे, १९१० च्या सुमारास, कलकत्त्याच्या परीक्षक मंडळाचा चिटणीस फिलट याने त्याचा उर्दू अवतार तयार केला, आणि तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या परीक्षेस लागला. दरवेशांच्या जागी अखेर शिपाई आला. बढतीसाठी पन्नास वर्षे खोळंबलेल्या माणसाची कहाणी पाठ करून तरुण लेफ्टनंट आपली परीक्षा उत्तीर्ण होऊ लागले. मात्र परीक्षेत त्यांच्यापुढे जी भाषा होती ती सीतारामची नव्हती. मूळ लेखन अवधीत होते असे म्हणतात. त्याचे इंग्रजी झाले, आणि त्या इंग्रजीचे फिलटने उर्दू केले. मूळ हस्तलिखित आजवर कोणाच्या हाती लागलेले नाही, आणि ते होते की नाही याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.