जोडकमाईचा इतिहास आणि ॲपवरील काम : परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

पुण्या-मुंबईत ॲपवरून जेवण पोहोचविणारा किंवा प्रवासी वाहणारा तरुण नव्या अर्थव्यवस्थेचा प्रतिनिधी मानला जातो. त्याच्या मिळकतीला बहुधा 'वरकमाई' किंवा 'जोडकमाई' म्हटले जाते. परभणीसारख्या जिल्ह्याचा श्रमेतिहास पाहता या शब्दामागे जुना व्यवहार दडलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्या व्यवहाराचा विचार केला आहे.

गोदावरी खोऱ्यातील हा जिल्हा कापसाचा. निजामी राजवटीत १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच्या आधाराने परभणी, मानवत, सेलू येथील बाजारपेठा वाढल्या. जिनिंगच्या हंगामात मिळणारी मजुरी ही शेतीला जोड समजली जाई. पुढे गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतील कोरडवाहू कुटुंबे ऊसतोडीकडे वळली. तेथे मुकादमाकडून आगाऊ 'उचल' मिळते व ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', हंगामभर राबते. मजुरी टनावर ठरते. मात्र कारखाना, मुकादम व तोडणीवाहतूक संस्था यांपैकी मालक कोण, याचे सरळ उत्तर मजुराला मिळत नाही.

ॲपवरील कामात टनाची जागा ऑर्डरने घेतली आहे. फरक आहे तो कर्जाच्या बाबतीत. ऊसतोड मजुराला निदान उचल तरी मिळते. ॲपवर काम करणारा मोटारसायकल स्वतः हप्त्यावर घेतो, पेट्रोल व मोबाइलचा खर्चही तोच सोसतो. हप्ता चुकू नये म्हणून कामाचे तास वाढत जातात आणि ज्याला जोडकमाई म्हटले तेच मुख्य काम होऊन बसते. तरीही 'जोड' हा शब्द टिकून राहतो, कारण तो काम देणाऱ्याच्या सोयीचा आहे. वरकमाई करणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी कशाला, असा युक्तिवाद त्यातून आपसूक निघतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न पूर्वी एकदा सोडविला गेला आहे, हे या संदर्भात ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या बाजारपेठांतील हमाल एकाच दिवशी अनेक व्यापाऱ्यांचा माल वाही आणि त्यामुळे कोणताही व्यापारी त्याचा मालक ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा संमत झाला. या कायद्याने मालक शोधण्याचा खटाटोप बाजूला ठेवला. व्यापारी व हमाल या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे करावयाची, व्यापाऱ्याने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरावयाची आणि मंडळाने मजुरीचे वाटप करून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत यांची तरतूद करावयाची, अशी ही रचना होती. मोंढ्यात पोते वाहणाऱ्या हमालाला त्यामुळे कायद्याच्या नजरेत ओळख मिळाली. प्रत्यक्ष अंमलबजावणीतील उणिवा सर्वश्रुत आहेत. परंतु कल्पनेचे धाडस त्याने कमी होत नाही.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने त्यांची प्रथमच व्याख्या केली; ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीला अंशदान द्यावे, अशी तीत तरतूद आहे. माथाडी मंडळाची लेव्ही व हे अंशदान वरवर सारखे भासते. तथापि माथाडी मंडळात शासन, व्यापारी व हमाल या तिघांचे प्रतिनिधी बसतात आणि हमालाची मजुरीच मंडळामार्फत जाते. संहितेतील अंशदान निधीत जमा होते; एका ऑर्डरमागे किती रुपये द्यावयाचे, हे ठरविणे मात्र तिने कंपनीकडेच राहू दिले आहे.