कुत्रा कोणत्या जातीचा, की कोणाचा?

कुत्रा चावला तर दोष कोणाचा धरायचा, हा आजचा विषय.

इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत भरपाई मिळायची ती बहुधा मालकाला कुत्र्याचा चावरेपणा आधीच माहीत असेल तरच. म्हणजे पहिला चावा जवळजवळ माफ! १८७१च्या कायद्याने कोर्टाला अधिकार दिला: कुत्रा धोकादायक असेल आणि मालक आवरत नसेल, तर ‘नीट ताब्यात ठेवा’ किंवा ‘मारून टाका’ असा हुकूम द्यायचा.

मग आलं १९९१. पिटबुलच्या हल्ल्यांनी ब्रिटन हादरलं, एक सहा वर्षांची मुलगी गंभीर जखमी झाली. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईत कायदा आणला. जुलैमध्ये मंजूर, १२ ऑगस्टला लागू. कोणताही कुत्रा सार्वजनिक जागी धोकादायकरीत्या ताब्याबाहेर जाऊ देणं त्यात गुन्हा होतंच, पण गाजली ती चार प्रकारांची यादी: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. पिटबुल ओळखायचा अंगकाठीवरून, आणि ‘आमचा तसला नाही’ हे सिद्ध करायचं मालकाने! गुन्हा शाबित झाला की यादीतला कुत्रा मारावाच लागे, मग तो कुणाला चावलेला नसला तरी. १९९७मध्ये ही सक्ती सैल झाली. यादी मात्र राहिली. २०२३मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ‘एक्सएल बुली’ हे पाचवं नाव जोडलं गेलं.

आता आपल्याकडे या. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम २८९ जातीचं नावच घेत नव्हतं. प्राणी कोणताही असो, त्याच्यापासून माणसाच्या जिवाला धोका असताना मालकाने काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्च २०२४मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. जुलैपासून जुन्या कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आलं; दंडाची मर्यादा पाच हजार.

मला विचाराल तर जुन्या कलमाचा प्रश्न बरोबर होता. यादीतली जात गेली, तर बेफिकीर मालक दुसरी आणेल. पण १८६०मध्ये हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! ती दीडशेहून जास्त वर्षं तशीच राहिली, आणि शेवटी मालकाला तिची भीती उरली नाही. जखमी पोराच्या आईबापांना त्या कलमाचा काय आधार वाटणार?

भेटू पुढच्या भागात.