फ्रँकलिनचा तक्ता आणि लोखंड्यांचा अर्ज

आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात सोमवार पहाटे चारलाच उजाडतो. टॅक्सी, विमानतळ, सिक्युरिटीची रांग, आणि मग विमान सुटेपर्यंत पुस्तकांच्या दुकानात रेंगाळणं. या दुकानांत एक कप्पा हल्ली हमखास असतो. पहाटे उठा, पाणी प्या, धावा, डायरी लिहा, दिवसाचा आराखडा करा, आणि आठ वाजायच्या आत अर्धं जग जिंका! व्यग्र माणसाला सकाळ कशी 'वापरावी' हे शिकवणारी ही पुस्तकं मी बरीच चाळली आहेत (विकत फार थोडी घेतली, हे मराठी वाचकांना सांगायला नकोच). त्यातल्या निम्म्या पुस्तकांत एक गृहस्थ भेटतात. बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवरचे.

फ्रँकलिनसाहेबांनी आत्मचरित्रात आपल्या चोवीस तासांचा एक तक्ता दिला आहे. पहाटे पाचला उठायचं, तोंड धुवायचं, परमेश्वराचं स्मरण करायचं, दिवसाची कामं ठरवायची, थोडा अभ्यास, मग न्याहारी. आठ ते बारा काम. बारा ते दोन वाचन, हिशेब तपासणं आणि जेवण. दोन ते सहा पुन्हा काम. संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणं, संगीत, गप्पा, दिवसाचा आढावा, आणि दहाला झोप. सकाळी स्वतःला विचारायचं, आज मी कोणतं चांगलं काम करणार? आणि रात्री, आज काय केलं? आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं हा तक्ता पाहिला तर लगेच फळ्यावर लावील.

माझा एक क्लायंट बरीच वर्षं फिलाडेल्फियात होता. न्यू जर्सीहून गाडीनं जायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत मार्केट स्ट्रीटवर फ्रँकलिन कोर्टला चक्कर मारायची. तिथे फ्रँकलिनचं घर नाही. ते १८१२ मध्येच पाडलं. त्याच्या जागी १९७६ साली पोलादी नळ्यांचा एक पोकळ सांगाडा उभा केला आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त घराची रेघ. जमिनीत केलेल्या झरोक्यांतून जुना पाया दिसतो. तिथे उभं राहिलं की तो तक्ता जरा निराळा वाटायला लागतो. त्यात न्याहारी करण्याची नोंद आहे, न्याहारी बनवण्याची नाही!

फ्रँकलिनची बायको डेबोरा दुकान सांभाळायची, पत्रकांच्या घड्या घालून ती शिवायची, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. हे फ्रँकलिननंच कौतुकानं लिहून ठेवलं आहे. हे घर बांधून पूर्ण करून घेतलं तेही तिनंच, नवरा लंडनला असताना. १७७४ मध्ये ती वारली तेव्हाही तो लंडनमध्येच होता. आणि घरात गुलामही होते. १७५७ साली फ्रँकलिन आणि त्याचा मुलगा लंडनला गेले तेव्हा पीटर आणि किंग नावाचे दोन गुलाम त्यांच्याबरोबर होते. उतारवयात फ्रँकलिन गुलामगिरीविरुद्धच्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही तितकंच खरं. पण पीटरच्या सकाळचा तक्ता आपल्याकडे नाही.

लंडनमधली त्याची सकाळ तर वेगळीच होती. १७६८ च्या एका पत्रात तो लिहितो की, आपण पहाटे उठून अंगावर कपडे न घालता, ऋतुमानाप्रमाणे अर्धा तास ते तासभर, खोलीत वाचत किंवा लिहीत बसतो. याला तो 'हवेचं स्नान' म्हणत असे. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर चाळीत पंचायत बसली असती. असो.

गंमत म्हणजे नेमक्या त्याच काळात पुण्यात एक तरुण कारभारी आपल्या वेळेच्या वाटणीवरून बोलणी खात होता. थोरले माधवराव पेशवे. १७६१ मध्ये पानिपतानंतर गादीवर आले तेव्हा वय सोळा, आणि १७७२ मध्ये गेले तेव्हा सत्तावीस. समोर निजाम, हैदर आणि घरात राघोबादादा. याहून 'बिझी' आयुष्य कुणाचं असणार? ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात दिलेली आख्यायिका अनेकांना ठाऊक असेल. रामशास्त्री प्रभुणे कामासाठी गेले तर पेशवे जपात मग्न. शास्त्रीबुवा परतले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागू लागले. राज्य करायचं तर ते नीट करा, नाहीतर चला माझ्याबरोबर गंगेकाठी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. माधवरावांनी ते मानलं आणि जप सोडला. मला यात आवडतं ते असं की, शास्त्रीबुवांनी पेशव्यांना आणखी तासभर लवकर उठायला सांगितलं नाही. आजच्या पुस्तकांनी नक्की सांगितलं असतं.

पुन्हा फ्रँकलिनकडे. आत्मचरित्राचा तक्ता असलेला भाग त्यानं लिहिला तो १७८४ साली, पॅरिसजवळच्या पासी गावी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. शिस्त आणि व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला कधीच नीट साधला नाही, हेही त्यानं तिथेच सांगून टाकलं. (लवकर निजे, लवकर उठे या अर्थाची त्याच्या नावावर खपणारी इंग्रजी म्हणसुद्धा त्याच्या आधीपासूनची आहे.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात त्याचं एक पत्र छापून आलं. एके दिवशी सकाळी सहाला आवाजानं जाग आली आणि पाहतो तर काय, खोलीत उजेड! सूर्य उगवल्या उगवल्या प्रकाश देतो, हा मोठाच शोध लागला म्हणायचा. मग आकडेमोड. पॅरिसमधली एक लाख कुटुंबं, सहा महिन्यांच्या १८३ रात्री, रोजचे मेणबत्त्यांचे सात तास. म्हणजे बारा कोटी एक्क्याऐंशी लाख तास! एवढ्या मेणाचे पैसे वाचवायचे तर उपाय काय? सूर्योदयाला सगळ्या चर्चच्या घंटा वाजवा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर गल्लोगल्ली तोफा डागा. डेलाइट सेव्हिंगची कल्पना फ्रँकलिनची, असं आपल्या मुलांना इथे शाळेत कधीकधी सांगतात, ते या पत्रावरून. घड्याळाचे काटे सरकवायचं त्यात काहीच नाही. ती निव्वळ थट्टा होती.

पुढच्या शंभर वर्षांत ही थट्टा खरी झाली. फक्त घंटा वाजली ती उशिरा उठणाऱ्या श्रीमंतांसाठी नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या लीवाय हचिन्सनं १७८७ मध्ये गजराचं घड्याळ केलं ते स्वतःसाठी. ते फक्त पहाटे चारलाच वाजायचं. वेळ बदलायची सोयच नाही. आमच्या भाषेत हार्ड-कोडेड! पण कारखाने आले आणि गजर दुसऱ्याच्या हातात गेला. इंग्लंडात लांब काठीनं खिडक्यांवर टकटक करून मजुरांना उठवणारी माणसं होती. आठवड्याला काही पेनी घेऊन ती हे काम करत. लंडनमधल्या मेरी स्मिथ नावाच्या बाई तर नळीतून वाटाणे फुंकून खिडकीवर मारत. आणि मुंबईत आला भोंगा.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. विजेचे दिवे नव्हते तोवर काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून मजुरीही लांबलचक. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाकडे घड्याळ कुठलं? भोंगा हेच घड्याळ. खोलीत दहा-वीस माणसं, नळ एक, आणि रांगेतली सकाळ.

फ्रँकलिनच्या तक्त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. जखमी कामगाराला भरपाई. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं, सूर्यास्ताला संपावं.

सकाळी साडेसहा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलोच. व्यग्र माणसाच्या सकाळचा इतका नेमका दस्तऐवज त्या विमानतळावरच्या कप्प्यात सापडणार नाही. फ्रँकलिननं आपली सकाळ स्वतः आखली. या साडेपाच हजार माणसांना ती सरकारकडे आणि मालकांकडे मागावी लागली. रविवारची सुट्टी मिळायलाही सहा वर्षं गेली, ती १० जून १८९० ला मिळाली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचाही आधार गेला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्यानं आली ती १९११ मध्ये.

मधेच १९०६ चं प्रकरण झालं. तोवर मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, मुंबईच्या सूर्यावर चालणारं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि ती मुंबईच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे. याचा सरळ अर्थ, भोंगा तितकाच लवकर. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवून विरोध केला. महापालिका तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईची वेळ धरून बसली होती. आपल्याला हा हट्ट वाटेल. पण एकोणचाळीस मिनिटांची झोप म्हणजे काय, हे तान्हं मूल घरात असलेल्यांना विचारा.

सूर्याची सकाळ आणि घड्याळाची सकाळ यांतला फरक आपल्या ब्राह्ममुहूर्तावरून छान कळतो. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. सूर्योदयाच्या आधी शहाण्णव मिनिटांवर ब्राह्ममुहूर्त सुरू होतो. म्हणजे ही वेळ रोज सरकणार. मी न्यू जर्सीसाठी गणित मांडलं. जूनमध्ये पहाटे पावणेचारच्या सुमारास, जानेवारीत पावणेसहाच्या. थंडीत ऋषिमुनीसुद्धा दोन तास जास्त झोपत असणार!

पण भोंगा वाजायच्या कितीतरी आधी, रोज पहाटे, महाराष्ट्रात कुणीतरी उठलेलं असायचं. जात्यावर बसलेल्या बायका. घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ दिवस उजाडायच्या आत व्हायला हवं. दगडाची जड पाळ, दोघी समोरासमोर, आणि ओठांवर ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी खेड्यापाड्यांतून फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, आवाजासकट ऐकताही येतात. पंढरपूर आहे, भाऊ आहे, सासू आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. पहाटे उठून मनातलं लिहा, असं आजची पुस्तकं सांगतात. या बायका हात जुंपलेले असताना मनातलं गात होत्या.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं माळ्यावर गेलं, असं ती सांगायची. "मग आजी, तू उशिरा उठायला लागलीस का?" असं मी एकदा विचारलं. "उशिरा कशाला रे? पाणी कोण तापवणार होतं, तुझा आजोबा?" नरकचतुर्दशीला आपण सगळे पहाटे उठल्याचं कौतुक करून घेतो, उटणं लावून घेतो. पण पाणी तापवणारी त्याआधी तासभर उठलेली असते. गिरणगावातही हेच. बिऱ्हाडाविना राहणाऱ्या शेकडो कामगारांचे डबे खानावळवाल्या बायका रांधायच्या. पहिल्या पाळीचा डबा हवा तर चूल कधी पेटत असेल? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आता इथली, आमच्या घरची सकाळ. माझा पुण्याच्या टीमबरोबरचा कॉल सकाळी साडेसहाला असतो. लोखंड्यांचीच वेळ, योगायोगानं. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात दुपारचे चार असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, पुण्याची जात नाहीत, आणि तिथे पाच वाजतात. दरवर्षी या सुमाराला वरून सूचना येते की, कॉल साडेआठला घेऊ या, सगळ्यांना सोयीचं. हे 'सगळे' इथले. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे सात. टीममधल्या दोघींची ऑफिसची बस सहाला सुटते, एकीचं मूल पाळणाघरात. म्हणून साडेसहाच बरं, असं मी दरवर्षी लिहून कळवतो.

साडेसहाला मी हेडफोन लावून बसणार, तर मुलांचे डबे कोण करणार? बायको हॉस्पिटलमध्ये नोकरीला, तिला सातला निघायचं असतं. आमच्या फ्रिजवरही फ्रँकलिनसारखा एक तक्ता आहे. वेळ, काम, आणि तिसरा रकाना 'कोण'. सोमवार ते गुरुवार मी बाहेरगावी असलो की तो रकाना एकाच नावानं भरतो, म्हणून गेल्या वर्षीपासून प्रवास एका आड एका आठवड्यावर आणायला क्लायंटला राजी केलं. पाच पन्नासला चहा, सहाला पोळ्या (मेक्सिकन टॉर्टिया नव्हे, खऱ्या), सव्वासहाला डबे बंद. माझ्या पोळ्यांचा नकाशा अजून महाराष्ट्रासारखा येतो, पण मुलं खातात.